अंग आंबले आणि वजनही वाढले

"जिना चढताना काही वाटत नाही, भाऊजी, उतरतानाच जीव जातो," असे आमच्या वहिनी गुरुवारी सकाळी म्हणाल्या, तेव्हा त्यांचा एक हात कठड्यावर आणि दुसरा भिंतीवर होता, आणि प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत त्या लहान मुलासारख्या खाली येत होत्या. जुळे सोलापुरातल्या एका व्यायामशाळेत त्यांनी सोमवारी नाव घातले होते. सोमवारी आणि मंगळवारी त्यांनी बैठका मारल्या, हातात वजने घेऊन पायरीवर चढउतार केली, आणि मंगळवारी रात्रीपासून मांड्या अशा भरून आल्या, की पलंगावरून उठतानाही हाताचा आधार लागू लागला. तेवढे त्यांनी सोसले असते. पण त्याच गुरुवारी त्या वजनकाट्यावर उभ्या राहिल्या आणि सोमवारचे ६८.४ किलो आता ६९.३ झालेले दिसले. चार दिवसांत ९०० ग्रॅमची वाढ! व्यायामाने वजन वाढणारच असेल तर एवढा त्रास कशासाठी घ्यायचा, हा त्यांचा प्रश्न रागाचा होता आणि अगदी रास्तही होता.

मी जीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो, आणि तो विचारणाऱ्यांपैकी बरेच जण त्याच आठवड्यात व्यायाम सोडून देतात याचे मला मनापासून वाईट वाटते. दुखणारी मांडी आणि काट्यावर वाढलेला आकडा ही दोन स्वतंत्र दुखणी नाहीत. शरीरात चाललेल्या एकाच कामाच्या त्या दोन बाजू आहेत आणि त्या दोन्हींमध्ये पाण्याचा मोठा वाटा आहे. हे काम नेमके कोणते, ते नीट उलगडून पाहिले तर पहिल्या आठवड्यातला काटा चरबीबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही, हे लक्षात येते.

आधी दुखण्याकडे पाहू. आपल्याकडे या दुखण्याला 'अंग आंबणे' असा नेमका शब्द आहे. तालमीत नव्याने उतरलेल्या पोराचे अंग आंबते, दिवाळीच्या साफसफाईनंतर घरातल्या बायकांचे अंग आंबते, पहिल्या दिवशीच्या खुरपणीनंतरही अंग आंबते. शब्द सुंदर आहे, पण त्याने एका गैरसमजाला नकळत बळ दिले आहे. आंबणे म्हटले की आम्ल आठवते, जोरात व्यायाम करताना स्नायूंत लॅक्टिक आम्ल तयार होते असे आपण शाळेत शिकलेलो असतो, आणि मग दोन्ही गोष्टी जोडून 'स्नायूंत आम्ल साचले म्हणून दुखते' असे सर्रास सांगितले जाते. वास्तविक व्यायामात तयार झालेले लॅक्टेट (शरीरात लॅक्टिक आम्ल याच रूपात असते) स्नायूंत साचून राहत नाही. हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरतात, आणि व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरात रक्तातली त्याची पातळी पूर्ववत होते. दुखणे मात्र १२ ते २४ तासांनी सुरू होते आणि २४ ते ७२ तासांच्या दरम्यान शिगेला पोहोचते. रात्रीच घरी परतलेल्या पाहुण्यावर दुसऱ्या दिवशीच्या चोरीचा आळ घेण्यासारखेच हे झाले. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही जणांना एकदा सपाट पृष्ठभागावर आणि एकदा उतारावर पळवले गेले. सपाटीवर पळताना त्यांच्या रक्तातले लॅक्टेट वाढले पण पाय पुढे फारसे दुखले नाहीत, आणि उतारावर पळताना लॅक्टेट फारसे न वाढताही पाय चांगलेच दुखले. त्याच्याही कितीतरी आधी, १९०२ मध्ये, थिओडोर हफ या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने उशिरा येणाऱ्या या दुखण्याचे वर्णन करून त्याचे मूळ स्नायूच्या आत होणाऱ्या बारीक फाटण्यात असावे, असे सांगून ठेवले होते.

उतारावर पळाल्यावर पाय दुखावेत आणि सपाटीवर पळाल्यावर दुखू नयेत, यातच या कोड्याची किल्ली आहे. भरलेली बादली उचलताना दंडाचा स्नायू आखडतो. तीच बादली हळूहळू खाली ठेवताना तो स्नायू भार पेलत असतो आणि त्याच वेळी लांबतही असतो, कारण तो सैल सोडला तर बादली धाडकन आपटेल. बैठक मारताना खाली जाणे, जिना उतरणे, उतारावर चालणे, या सर्वांत मांडीचा पुढचा स्नायू असाच ताणला जात जात भार तोलतो. अशा कामात दम लागत नाही, म्हणून ते सोपे वाटते, पण स्नायूच्या तंतूंवर सर्वांत जास्त ओढ याच वेळी येते. कोजागरी पौर्णिमेला सोलापुराहून तुळजापूरला पायी जाणारे हजारो भाविक सुमारे ४५ किलोमीटर चालतात, आणि तिथे पोहोचल्यावर देवीच्या दर्शनाला पायऱ्या उतरूनच खाली जावे लागते. वर्षभर न चालता एकदम या वाटेला लागलेल्या माणसाला त्या उतरत्या पायऱ्यांवर काय होते आणि पुढचे दोन दिवस घरचा जिना कसा वाटतो, हे त्याला वेगळे सांगायला नको.

आता स्नायूच्या आत डोकावू. स्नायूचा प्रत्येक तंतू अतिशय बारीक खंडांच्या साखळीने बनलेला असतो. एका खंडाची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन-अडीच पट, आणि एकापुढे एक असे हजारो खंड. स्नायू भाराखाली लांबतो तेव्हा हे सगळे खंड सारखे ताणले जात नाहीत. जे कमकुवत असतात ते मर्यादेबाहेर ओढले जातात आणि त्यांच्या कडांची सरळ रेघ विस्कटते. स्वीडनमधल्या संशोधकांनी जिने उतरायला लावलेल्या माणसांच्या पोटरीच्या स्नायूचे कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, आणि १९८१ मध्ये त्यांनी नोंदवले की या कडा ठिकठिकाणी वाकड्यातिकड्या आणि पसरलेल्या दिसतात. सोलापूरकराला हे समजावून सांगायला यंत्रमागासारखा दुसरा दाखला नाही. ताण्यातले शेकडो धागे एकाच वेळी ओढ खात असतात. त्यातला एखादा तुटतो, विणकर तो चटकन सांधतो, आणि त्यासाठी कोणी अख्खी चादर वाया गेली असे म्हणत नाही. फरक इतकाच की विणकराला घटकाभर माग थांबवावा लागतो आणि शरीर मात्र माग चालू ठेवूनच धागे सांधत राहते.

या सांधण्याला वेळ लागतो, आणि दुखणे उशिरा येते ते याचमुळे. काही तासांत पांढऱ्या रक्तपेशी तिथे येऊ लागतात, पुढच्या एक-दोन दिवसांत मोडतोड साफ करणाऱ्या मोठ्या पेशी कामाला लागतात, आसपासच्या केशवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपतो आणि स्नायू किंचित सुजतो. या धामधुमीत अशी काही द्रव्ये तयार होतात, की वेदना वाहून नेणाऱ्या तिथल्या मज्जातंतूंची टोके हळवी होतात. एरवी ज्या स्पर्शाचे काही वाटत नाही तोच मांडीवर बोट टेकवताच सलतो, आणि बसलेले असताना काही न वाटणारा स्नायू ताणला की ओरडतो. म्हणून वहिनींना चढताना नव्हे, तर उतरताना जीव गेल्यासारखे वाटत होते.

दुखण्याची तीव्रता आणि आतली मोडतोड यांचे प्रमाण मात्र सारखे नसते, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते. दुखले नाही म्हणजे व्यायाम लागूच पडला नाही, असे अनेक व्यायामशाळांत सांगितले जाते. ते चूक आहे आणि नवशिक्यांच्या दृष्टीने घातकही आहे. उलट तोच व्यायाम आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा केला की तो बराच कमी दुखतो, कारण स्नायू, त्याचे आवरण आणि मज्जासंस्था पहिल्या फेरीतच शहाणी होतात. हे संरक्षण कित्येक आठवडे टिकते. सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज घेऊन ६८ लिंगांची प्रदक्षिणा करणारे मानकरी आधी सराव करतात. उंच काठी कमरेशी तोलून चालणे हे एका दिवसात जमणारे काम नाही, हे सरावाचे एक कारण. पण कंबर आणि मांड्या आधीच तयार झाल्यामुळे संक्रांतीच्या दिवसांत त्यांचे अंग आंबून बसत नाही, हेही त्या सरावाचेच फळ आहे. सुरुवात थोड्यावर करून दर आठवड्याला भर वाढवण्याची पद्धत तिथे पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे.

आता ९०० ग्रॅमचा हिशेब मांडू. एक किलो चरबी साठायला गरजेपेक्षा सुमारे ७,७०० किलोकॅलरी जास्त पोटात जाव्या लागतात. म्हणजे ९०० ग्रॅमसाठी जवळजवळ ७,००० लागतील. ज्वारीच्या मध्यम आकाराच्या एका भाकरीत ढोबळमानाने २०० किलोकॅलरी असतात, असे धरले, तर नेहमीचे सगळे जेवण करून त्यावर आणखी ३५ भाकऱ्या वहिनींनी चार दिवसांत खाल्ल्या असत्या, तरच ही वाढ चरबीची ठरली असती. तसे काही झालेले नव्हते, आणि हे आकडे मांडून दाखवल्यावर वहिनींचा चेहरा जरा निवळला. मग हे वजन आले कुठून?

त्याचा थोडा भाग सुजलेल्या स्नायूंत आहे. मांडी आणि नितंब यांचे स्नायू शरीरातले सर्वांत मोठे, त्यामुळे तिथे झिरपलेला द्रव थोडा असला तरी काट्यावर दिसतो. ही सूज साधारणपणे पाच ते सात दिवसांत ओसरते.

याहून मोठा भाग बहुधा ग्लायकोजेनचा असतो, आणि या गोष्टीची सर्वसामान्य वाचकाला फारशी कल्पना नसते. आपण खाल्लेल्या भाकरी-भातातली साखर शरीर ग्लायकोजेन या रूपात साठवते. प्रौढ माणसाच्या स्नायूंत मिळून तीन-चारशे ग्रॅम किंवा त्याहून थोडे अधिक आणि यकृतात शंभरेक ग्रॅम. व्यायामाने हा साठा रिकामा झाला की स्नायू तो पुन्हा भरतात, आणि भरताना आधीपेक्षा जास्त साठवून ठेवतात. वापरलेल्या स्नायूची साठवण वाढते, हे बर्गस्ट्रॉम आणि हल्टमन या दोन स्वीडिश संशोधकांनी १९६६ मध्ये दाखवले; एका पायाने व्यायाम करायचा आणि दुसरा पाय तसाच ठेवायचा, असा तो देखणा प्रयोग होता, आणि जादा साठा फक्त व्यायाम केलेल्या पायात सापडला. आता मुख्य गोष्ट अशी, की प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्यासोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवते. सोलापुरी टॉवेल कोरडा असताना हातात हलका लागतो आणि पाण्यातून काढल्यावर जड होतो, पण त्यातला धागा तेवढाच असतो. स्नायूंत १५० ग्रॅम ग्लायकोजेन जास्तीचे साठले तर त्याच्याबरोबर ४५० ग्रॅम पाणी येते, आणि काटा ६०० ग्रॅमने वर जातो. हे पाणी घालवण्याच्या मागे लागू नये, कारण उद्याच्या बैठका याच साठ्यावर होणार आहेत. व्यायाम चालू आहे तोवर यातला काही भाग कायम राहणार आणि तो राहायलाच हवा.

रक्तही आपला वाटा उचलते. नियमित चालणे, पळणे किंवा सायकल सुरू केल्यावर पहिल्या काही दिवसांतच रक्तातला द्रव भाग, म्हणजे प्लाझ्मा, वाढतो. उन्हात व्यायाम केला तर आणखी. प्रौढ माणसाच्या शरीरात अडीच ते तीन लिटर प्लाझ्मा असतो, त्यात दहा टक्के भर पडली की पाव लिटर किंवा त्याहून थोडे अधिक पाणी वाढले. सोलापूरचा उन्हाळा ४० अंशांच्या पार जातो, आणि अशा हवेत घाम गाळणाऱ्या शरीराने मूत्रपिंडांना मीठ आणि पाणी राखून ठेवण्याचा हुकूम द्यावा, यात नवल नाही. घामाला पुरेसे पाणी हाताशी असावे आणि हृदयावरचा ताण कमी व्हावा, यासाठीच ही तजवीज असते. मार्च-एप्रिलमध्ये चालायला सुरुवात करणाऱ्यांनी काट्याचा हा फरक धरूनच चालावे.

राहिले मीठ. दवाखान्यातल्या सलाईनच्या एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ असते, आणि आपल्या शरीरातल्या पेशींबाहेरच्या द्रवाचा खारटपणाही जवळपास तेवढाच असतो. याचा ढोबळ अर्थ असा, की नेहमीपेक्षा ४-५ ग्रॅम जास्त मीठ पोटात गेले तर ते बाहेर टाकले जाईपर्यंत सुमारे अर्धा लिटर पाणी अंगात अडकून राहू शकते. व्यायामानंतर कडकडून भूक लागते, मग कडक भाकरी दह्यात कुस्करून त्यावर शेंगाचटणी जरा हात सैल सोडून वाढली जाते, वर मीठ घातलेले लिंबू सरबतही होते. शेंगाचटणीवर माझा जीव आहे, ती सोडा असे मी कोणालाही सांगणार नाही; पण दुसऱ्या दिवशीचा काटा पाहताना आदल्या रात्रीचे ताट आठवावे. स्त्रियांच्या बाबतीत मासिक पाळीच्या आधीचे दिवसही हिशेबात घ्यावे लागतात, कारण त्या दिवसांत पाणी धरून ठेवल्याने वजन एरवीही वाढते. स्नायू कमावण्यासाठी क्रिएटिनची पावडर सुरू केलेल्या मुलांना पहिल्या आठवड्यात एखादा किलो वाढलेला दिसतो, तोही मुख्यतः स्नायूंत ओढले गेलेले पाणीच.

हाच हिशेब उलटा करून पाहिला की आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. उपवासाला किंवा भाकरी-भात एकदम बंद केल्यावर पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो उतरतात, तेव्हा जे जाते तेही बव्हंशी ग्लायकोजेन आणि त्याच्याबरोबरचे पाणी असते. सात दिवसांत वजन उतरवून देण्याच्या जाहिराती या पाण्यावरच चालतात, आणि त्यांना भुलून पैसे घालवणारी माणसे पाहिली की मला राग येतो. पुन्हा नीट जेवायला लागताच ते पाणी परत येते, आणि माणूस स्वतःला दोष देत बसतो.

वजन मोजायचेच असेल तर रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर आणि काहीही खाण्यापिण्यापूर्वी, त्याच काट्यावर मोजावे, आणि एकेका दिवसाच्या आकड्याकडे न पाहता सात दिवसांची सरासरी काढून ती मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून पाहावी. जोडीला बेंबीच्या पातळीवर पोटाचा घेर शिंप्याच्या टेपने मोजून लिहून ठेवावा. तीन-चार आठवड्यांच्या आत कोणताही निष्कर्ष काढू नये. आकडा खाली यावा म्हणून पाणी कमी पिणे तर मुळीच करू नये. तहानलेले शरीर पाणी अधिकच धरून ठेवते, आणि आपल्या हवेत तो धोका पत्करण्यासारखा नाही.

दुखण्यावर रामबाण असा उपाय नाही. पूर्ण झोपून राहण्यापेक्षा हलके चालणे बरे, कारण हालचाल चालू असेपर्यंत दुखणे कमी जाणवते. मालीश आणि गरम पाण्याने थोडा आराम पडतो. व्यायामाच्या आधी किंवा नंतर अंग ताणण्याने मात्र या विशिष्ट दुखण्यात जाणवेल असा फरक पडत नाही, असेच आजवरच्या चाचण्या सांगतात. रात्रीची पुरेशी झोप घ्यावी, आणि डाळ, उसळ, दूध, अंडी यांपैकी जे चालते ते जेवणात रोज असावे. वेदनाशामक गोळ्यांबाबत एक सावधगिरी हवी: आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या स्वतःच शरीरात मीठ आणि पाणी अडकवतात, आणि भर उन्हात घाम गेलेला असताना त्या मूत्रपिंडांना बाधू शकतात. दुखते म्हणून रोज एक, असे स्वतःच्या मनाने घेऊ नये.

काही लक्षणांकडे मात्र अंग आंबले म्हणून दुर्लक्ष करून चालत नाही. एकदम झेपणार नाही इतका व्यायाम केल्यानंतर, विशेषतः उन्हात, लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा किंवा कोलासारखा गडद झाला, स्नायू टणक सुजले, हातापायांत जोरच राहिला नाही, तर स्नायूंच्या पेशी मोठ्या प्रमाणावर फुटून त्यातले मायोग्लोबिन नावाचे प्रथिन मूत्रपिंडांत उतरत असण्याची शक्यता असते. अशा वेळी त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासाला, रुग्णालय गाठावे. एकाच पायाची पोटरी सुजून लाल आणि गरम झाली तर रक्ताची गुठळी असू शकते. व्यायाम करतानाच सांध्यात कळ आली असेल तर ती दुखापत समजावी. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी स्नायूंचे दुखणे लांबले तर डॉक्टरांना सांगावे. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांच्या बाबतीत तर या लेखातला दिलासा लागूच होत नाही: पावलांवर बोट दाबल्यावर खड्डा राहत असेल, धाप लागत असेल आणि एक-दोन दिवसांत किलोभर वजन वाढले असेल, तर ते पाणी व्यायामाचे नव्हे, आजाराचे असू शकते.

वहिनींनी व्यायाम सोडला नाही. बैठका निम्म्यावर आणल्या, एक दिवस आड केल्या, आणि स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर, दुधाच्या खाड्यांच्या बाजूला, रोजचे वजन पेन्सिलीने लिहायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्याची सरासरी ६९.० आली, दुसऱ्याची ६८.८, तिसऱ्याची ६८.४, म्हणजे जिथून निघाल्या होत्या तिथेच; आणि चौथ्या आठवड्याची ६८.०. पोटाचा घेर तोवर दोन सेंटिमीटरने उतरला होता. कठडा मात्र त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात सोडला.